घोडी उसनी देताना

मी पडले ती घोडीवरून नाही. हे आधीच सांगते, कारण बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचा आजही तसाच समज आहे. मी पडले ती कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी घेऊन येताना, आमच्याच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, "चालाल व्यवस्थित. पण वर्षभर घोड्यावर बसायचं नाव काढू नका."

"आणि वर्षानंतर?"

"वर्षानंतरचं वर्षानंतर बघू."

मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची होते. तीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. घोड्याचं वेड मला उशिरा लागलं. एका सुट्टीत भाचीला धायरीच्या एका लहानशा तबेल्यात घोडेस्वारी शिकायला सोडायला जायचे. भाचीला आठव्या दिवशी कंटाळा आला आणि तिचे उरलेले दिवस वाया जाऊ नयेत म्हणून मी बसले. तेव्हापासून मी तिथलीच झाले. चार वर्षांनी शर्यतीतून बाद झालेली एक कुमैत घोडी तिथे आली. तांबूस तपकिरी अंग, काळी आयाळ, पातळ उंच पाय आणि डोळ्यांत सतत एक संशय. ती मी घेतली. ह्यांनी त्या दिवशी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं होतं, "गॅलरीत मावेल का?"

तर पडल्यानंतर तीन महिने मी घरात आणि घोडी तबेल्यात. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, तिला रोज दोर लावून फिरवून आणायचा. पण शर्यतीत धावलेल्या जनावराला तेवढ्याने काय होतं? एप्रिलमध्ये मी वॉकर घेऊन, रिक्षाने धायरीला गेले, तर घोडी खोलीच्या दारात उभी राहून लंबकासारखी डोलत होती. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मी हाक मारली तर कान हलवले, पण डोलणं थांबवलं नाही.

तबेल्याचे मालक धायरीचेच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती तेव्हापासूनचे. मला ते मास्तरीणबाई म्हणतात. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, ही अशीच ऱ्हायली तर येडी व्हईल. घोडी हाय ती, शोकेसमधली भावली न्हाई. कुणाला तरी चालवायला द्या."

"कोणाला देऊ?"

"एक पोरगी येती शनवार-रविवार. पंधरा वर्साची हाय. हात हलका हाय तिचा."

मी लगेच नाही म्हटलं. पंधरा वर्षांची मुलं मी तीस वर्षं पाहिली होती. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणजे काय, पोटात दुखतंय म्हणजे काय, 'बाई, मी नाही, तो' म्हणजे काय, हे मला झोपेतही ओळखता आलं असतं. त्या वयातली मुलं वाईट नसतात. पण स्वतःची चूक लपवायला ती जेवढी बुद्धी खर्च करतात तेवढी प्रमेयाला केली तर सगळीच पहिल्या श्रेणीत येतील, असं मी शिक्षकांच्या खोलीत नेहमी म्हणायचे. आणि घोडी म्हणजे काही वही नव्हे.

तरी त्या शनिवारी मी मुलीला पाहायला गेले.

उंच, काटकुळी, केसांची घट्ट वेणी. ती घोडीवर बसली नव्हती. खोलीच्या दाराशी, घोडीकडे पाठ करून उभी होती आणि काहीच करत नव्हती. मला वाटलं मोबाइल बघतेय. पण हात रिकामे होते. दहा-बारा मिनिटांनी घोडीचं डोलणं हळू झालं, थांबलं, आणि तिने मान लांब करून मुलीच्या खांद्याचा वास घेतला. मुलीने तेव्हाही वळून पाहिलं नाही.

"अशी पाठ करून का उभी राहतेस?" मी विचारलं.

"काकू, ती कोणी बघितलं की घाबरते. नाही बघितलं की येते." मग जरा थांबून म्हणाली, "मी पण तशीच आहे."

मी घरी येऊन करार लिहायला घेतला. मैदानाबाहेर न्यायची नाही. दौड नाही, फक्त कदम, म्हणजे साधी चाल, आणि दुडकी. शिरस्त्राण असल्याशिवाय पाय रिकिबीत घालायचा नाही. दुसऱ्या कोणाला बसवायचं नाही. फोटोपुरतंसुद्धा नाही. असे चौदा नियम झाले. चौदावा असा होता: यातला एकही नियम मोडल्यास घोडी त्याच दिवसापासून परत घेतली जाईल. दोन पानं भरली. ह्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "आपल्या लग्नात एक कागद नव्हता. तरी निभलं."

मुलगी खडकीची. दारूगोळा कारखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत घर. धायरीत मावशी राहायची, म्हणून शनिवार-रविवार ती तिच्याकडे यायची. आईवडिलांची सही हवी म्हणून मी खडकीला गेले, हेही सोबत आले. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, कपाटावर बुद्धाची पांढरी मूर्ती, भिंतीला लागून पुस्तकांची फळी. वडील कारखान्यात, बोलायला कमी. आई अंगणवाडीत शिकवणाऱ्या. त्यांनी चहा दिला आणि सरळ विचारलं, "पडली तर?"

"पडेल," मी म्हणाले. "सगळेच पडतात. डोक्याला लागू नये याची काळजी घेऊ. बाकी मी वचन देऊ शकत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि दहावीचं वर्ष आहे."

"गणिताचं माझ्याकडे लागलं."

त्या पहिल्यांदा हसल्या. वडिलांनी सही केली. कागद वाचला नाही, हे मला तेव्हा खटकलं होतं.

मे महिन्यापासून ती बसायला लागली. पहिले दोन महिने मी प्रत्येक शनिवारी काठी टेकत जाऊन मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. माझी घोडी दुसऱ्या कोणाच्या तरी पायाखाली पाहणं सोपं नव्हतं, हे कबूल करते. मुलगी माझ्यापेक्षा चांगली बसत होती. ते दिसत होतं, आणि मला दिसतंय हे तिलाही कळत होतं. त्यामुळे पायउतार होताना ती उगाच म्हणायची, "काकू, वळणावर मला जमत नाही अजून." जमत होतं. घोडीचं डोलणं बंद झालं, पाठीवर मांस भरलं, अंग तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखं चमकायला लागलं. ऑगस्टमध्ये माझा पाय पावसाने ठणकायला लागला तेव्हा मी जाणं कमी केलं. मनात म्हटलं, पोरगी गुणी आहे, बघायला नको.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी दूध तापवत होते.

"काकू, मला एक सांगायचंय." आवाज कोरडा होता. मागे शाळेच्या बसचा हॉर्न.

"बोल."

"मी शनिवारी तिला मैदानाबाहेर नेलं. मागच्या टेकडीच्या वाटेने. वर खडी होती, मला माहीत नव्हतं. रविवारी ती पुढचा डावा पाय जरा आखडत होती. अगदी जरा. मला वाटलं, चालली की मोकळा होईल. म्हणून मी तिला दुडकीने अर्धा तास चालवलं. नाही झाला मोकळा. मग मी तिला बांधलं आणि घरी आले."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला.

"कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"आज मंगळवार आहे."

"हो."

मी फोन ठेवला. बोलले असते तर फार वाईट बोलले असते. मालकांना फोन केला. मोतद्दार त्या आठवड्यात गावी गेला होता आणि मालक दोन वेळा चंदी आणि गवत टाकत होते, बाहेर काढलं नव्हतं. त्यांनी जाऊन पाहिलं आणि पाच मिनिटांत उलट फोन केला. "पाय टेकवंना, मास्तरीणबाई. हवेत धरलाय."

आम्ही दोघं रिक्षाने पोचलो तेव्हा घोड्यांचे डॉक्टर आले होते. घोडी घामाने भिजलेली, नाकपुड्या फुगलेल्या, डावा पाय वर. डॉक्टरांनी खूर हातात घेऊन चिमट्याने दाबत तपासला. एका जागी दाबताच घोडीचं सगळं अंग थरथरलं. खड्याने तळव्याला मार बसून आत पू झाला होता. त्यांनी वाकड्या सुरीने तळवा थोडा कोरला आणि काळा, घाण वासाचा पू बाहेर आला.

"लगेच कळलं असतं तर एवढं वाढलं नसतं," ते हात धूत म्हणाले. "आता पू आत पसरलाय. दीड-दोन महिने धरा."

मी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले. तिने तोंड फिरवलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे काही नाही. चांगली लागली, औषधं चालू होती. पण सकाळी उठले ती रागातच. खडी, टेकडी, नियम मोडणं, हे एक वेळ समजत होतं. माझ्या डोक्यातून जात नव्हता तो रविवारचा अर्धा तास, आणि त्यानंतरचे दोन दिवस. मुक्या जनावराचं दुखणं दिसत असताना मुलगी बसमध्ये बसून खडकीला गेली, जेवली, झोपली, शाळेत गेली. मी ह्यांना म्हटलं, "संपलं. चौदावा नियम."

"बरोबर आहे," हे म्हणाले. "नियम तूच लिहिलायस." त्यांच्या 'बरोबर आहे'चे तीन-चार प्रकार आहेत. हा कुठला, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी वडील मुलीला स्कूटरवर घेऊन आमच्याकडे आले. त्यांची सुट्टी होती. मुलगी दारातच उभी राहिली. मी 'ये' म्हटलं नाही, ह्यांनी म्हटलं.

वडील खुर्चीच्या कडेवर बसले. "मॅडम, मी रदबदली करायला आलो नाही. चूक तिची आहे. तुम्ही घोडी परत घ्या, आमचं काही म्हणणं नाही. औषधपाण्याचं काय असेल ते मी बघतो. मला फक्त तो कागद एकदा वाचायचाय. त्या दिवशी वाचायचा राहिला."

मी कागद आणून दिला. त्यांनी सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचला. शेवटच्या नियमाशी बोट थांबलं.

"आमच्याकडे कारखान्यात," ते म्हणाले, "माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगतो. हातून काही चुकलं, काही सांडलं, काही वेगळं दिसलं, तर लगेच ओरडून सांग. सांगितल्याबद्दल तुला कोणी बोलणार नाही. चौकशी होईल, पण नंतर. आधी काम थांबेल. कारण सांगणाऱ्याला पहिल्यांदाच शिक्षा झाली तर दुसरा कोणी सांगणार नाही. आणि आमच्याकडे न सांगणं परवडत नाही."

बाहेर कचऱ्याच्या गाडीचं गाणं चालू होतं.

"या कागदात," ते जरा अवघडून म्हणाले, "सांगितलं की घोडी जाणार, असं आहे. नाही सांगितलं तर कदाचित नाही जाणार. पंधरा वर्षांची पोर आहे. तिनं दोन दिवस हिशोब केला. चुकीचा केला. पण तिसऱ्या दिवशी घोडी जाणार हे माहीत असून तिनं सांगितलं, एवढं बघा. ते आम्ही नाही सांगायला लावलं. आम्हाला तर तिनं तुमच्यानंतर सांगितलं."

मला राग आला, खरं सांगायचं तर. आपण गणित शिकवायचं आणि आपल्याच चुकलेल्या पायरीवर दुसऱ्याने बोट ठेवावं, हे गिळायला वेळ लागतो. मी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तुला काय म्हणायचंय?" मी विचारलं.

तिने मान वर केली. तिला रडू येत नव्हतं. चेहरा मात्र आजारी माणसासारखा उतरला होता. "काकू, ती पाय टेकवते का आता?"

"काल थोडा टेकवला."

तिने श्वास सोडला. तेवढंच. माफ करा म्हणाली नाही, पुन्हा असं करणार नाही म्हणाली नाही. शाळेत मी ही दोन वाक्यं इतक्या वेळा ऐकली होती, की ती न ऐकल्यामुळेच मी जरा ताठ बसले. आणि मनात आलं, मी तरी तिला सगळं सांगितलं होतं का? शर्यतीच्या घोड्यांचे तळवे पातळ असतात, खडी त्यांना सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. चौदा नियमांत ते कुठे नव्हतं. 'मैदानाबाहेर नेऊ नये' लिहिलं होतं, का ते लिहिलं नव्हतं. माझा विद्यार्थी नुसतं उत्तर लिहून पायऱ्या गाळायचा तेव्हा मी अर्धे गुण कापायचे.

"बसायचं नाही," मी म्हणाले. "ती बरी होईपर्यंत पाठीवर हातसुद्धा ठेवायचा नाही. पण रोज दोन वेळा तिचा पाय गरम पाण्यात धरावा लागतो. मला वाकता येत नाही. मोतद्दाराला बाकीचे नऊ घोडे आहेत."

"दिवाळीची सुट्टी शनिवारपासून आहे," ती म्हणाली. "मी मावशीकडे राहते."

"दिवाळीत घरी नको का तू?"

"आम्ही करत नाही दिवाळी."

हे उठून आत गेले आणि चकलीचा डबा घेऊन आले. "आम्ही करतो," म्हणाले आणि डबा तिच्यापुढे धरला. तिने एक घेतली.

त्या सुट्टीतले दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. सकाळी आठला मी तबेल्यात पोचायचे तेव्हा तिने पाणी तापवलेलं असायचं. बादलीत मीठ टाकायचं, हाताला सोसेल इतपत गरम पाणी घालायचं आणि घोडीचा पाय त्यात वीस मिनिटं ठेवायचा. पहिल्या दिवशी घोडीने तीन बादल्या लाथाडल्या. मुलगी नखशिखांत भिजली. चौथी बादली तिने आधी रिकामीच ठेवली, त्यात पाय ठेवायला शिकवलं आणि मग तांब्यातांब्याने पाणी ओतलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पाय कोरडा करून तळव्याला औषध भरायचं, त्यावर कापूस, आणि सगळ्यावर लहान बाळाचा डायपर. ही डॉक्टरांची युक्ती. खुराला तो बरोबर बसतो. वरून चिकटपट्टीचे वेढे. मेडिकलच्या दुकानात मी डायपर मागितले तेव्हा दुकानदाराने अभिनंदन केलं आणि नात की नातू विचारलं. मी म्हटलं, घोडी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

वीस मिनिटं पाय धरून बसायचं म्हणजे दुसरं काम नसतं. म्हणून मी दहावीचं बीजगणित घेऊन जायचे. ती पायाशी उकिडवी, एका हाताने बादली धरलेली, मी खुर्चीवर. मी उदाहरण वाचायचे, ती तोंडी सोडवायची. वर्गसमीकरणं आम्ही त्या बादलीवरच संपवली. अडली की ती घोडीच्या पायाकडे बघत गप्प बसायची. आधी मी लगेच सांगायचे. मग सांगणं सोडलं. थोडं थांबलं की तिचं तिला यायचं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांची भीती होती. धायरीत आता चहूबाजूंनी इमारती आहेत आणि प्रत्येक इमारतीच्या वाहनतळात माळा लागतात. दुखऱ्या पायाची घोडी बिथरली असती तर सगळं केलेलं पाण्यात. मी घरची पूजा उरकून ह्यांच्यासह साडेसातला पोचले. सगळे घोडे फुरफुरत होते. मालक एकेकाच्या खोलीपाशी जाऊन बोलत होते. माझी घोडी मात्र कोपऱ्यात उभी होती, चारही पायांवर. तिच्यापुढे मुलगी, नेहमीसारखी पाठमोरी, मोठ्याने पाढे म्हणत. सत्तावीसचा चालू होता.

"पाढे का?" मी विचारलं.

"गाणी सगळी संपली, काकू."

ह्यांनी खुर्ची ओढली आणि अठ्ठावीसचा सुरू केला. त्यांना चुकत नाही. आम्ही तिघं साडेनऊपर्यंत तिथे होतो.

पू थांबला, तळवा भरू लागला. डिसेंबरच्या मध्यावर नालबंदाने आत चामड्याचा तुकडा घालून नवी नाल ठोकली आणि डॉक्टरांनी दोर लावून तिला फिरवून पाहिलं. सरळ चालली. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. मी म्हटलं, "जा, खोगीर आण."

ती हलली नाही. "काकू, आधी तो कागद."

मी कागद सोबत आणला होता. चौदावा नियम मी खोडला होता. त्याजागी लिहिलं होतं: काहीही झालं, कितीही लहान असलं, तरी त्याच दिवशी मला सांगायचं. सांगितल्यामुळे घोडी जाणार नाही. आणि बाकीच्या प्रत्येक नियमापुढे, 'कारण' असं लिहून एकेक ओळ जोडली होती. पानं दोनाची चार झाली होती. तिने उभ्याउभ्या सगळी वाचली. नवव्या नियमापाशी म्हणाली, "हे कारण मला पटत नाही." तो नियम चाबूक वापरण्याबद्दल होता. आम्ही त्यावर पाच मिनिटं वाद घातला आणि मी तो बदलला. मग ती खोगीर आणायला गेली.

शब्द लिहिणं सोपं असतं. तो कागद खरा ठरला फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी. तिचा फोन आला.

"काकू, आज मला राग आला आणि मी लगाम जोरात ओढला. तिची काही चूक नव्हती. सराव परीक्षेत भूमितीत कमी पडले, त्याचा राग होता. तोंडाला काही लागलं नाहीये, मी बघितलं. मोतद्दारकाकांनीपण बघितलं."

हे तिने सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. घोडी सांगणार नव्हती. मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला, तेवढ्यात ती म्हणाली, "काकू?"

"ऐकतेय. मग काय केलंस?"

"उतरले. तिला चालवत फिरवलं. आता मावशीकडे आलेय."

"बरं केलंस. भूमितीची उत्तरपत्रिका घेऊन घरी ये बुधवारी."

आता ती अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. दहावीला गणितात तिला किती मिळाले ते मी सांगत नाही, दृष्ट लागेल. कॉलेज दूर आहे, क्लास आहेत. तरी रविवार ती सोडत नाही. बोलण्यात अर्धं इंग्रजी आलंय आणि मला ती मधूनच 'चिल' करायला सांगते. घोडी अठराची झाली. तिलाही आता दौड नको असते, सकाळच्या उन्हात दुडकी पुरते.

तबेल्यातले दुसरे एक घोडामालक गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. व्यवसायाने वास्तुविशारद, वेळ नाही, घोडा उभा. एका चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं होतं. "तुमचा अनुभव काय?" ते म्हणाले. "द्यावा का? या वयातल्यांचा भरवसा काय?"

"भरवसा नाहीच," मी म्हणाले. "आपल्या वयातल्यांचाही नसतो. तुम्ही तिला एकदा घोड्याच्या खुरात काय दुखतं आणि कुठे दुखतं ते दाखवा. आणि दुखलं तर तुम्हाला फोन करायची भीती वाटणार नाही एवढं बघा. बाकी ती शिकेल."

"आणि घोड्याला काही झालं तर?"

"झालं तर दोघं मिळून बरं करा."

ते हसले, पण त्यांनी मुलीला बोलावलं. मागच्या रविवारी आमचीच मुलगी तिला अंग घासायचा खरारा कसा धरायचा ते दाखवत होती.

मी मात्र डॉक्टरांच्या वर्षाची दोन वर्षं करून मगच बसले. चढायला लाकडी चौरंग लागला, मालकांनी एका बाजूने धरलं, ह्यांनी दुसऱ्या बाजूने, आणि मुलगी दोर धरून पुढे. पाठीवर बसल्यावर सगळं फार उंच वाटलं. मांडीतल्या स्क्रूंनी हजेरी लावली. घोडीने एक कान मागे वळवला, हे कोण आलंय ते चाचपायला.

"काकू, खांदे सैल," मुलगी म्हणाली. "खाली नका बघू. पुढे बघा."

मी पुढे पाहिलं. आम्ही कदमाने मैदानाला एक फेरी मारली, मग आणखी एक. तिसऱ्या फेरीला तिने मला न विचारता दोर सोडला. मला ते कळलं तेव्हा आम्ही लांबच्या कडेला पोचलो होतो आणि घोडी अगदी शांत चालत होती.